टाकी पडलीच तर कुठवर?

क्रांती मॅडमनी त्रिकोणमिती शिकवायला दहावीचा वर्ग बाहेर काढला आणि कवठे महांकाळकडच्या त्या वाडीत गोंधळ उडाला. कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवलेली, मधून सोडलेल्या दोऱ्याला खोडरबर लटकवलेलं. स्ट्रॉला डोळा लावून राजवर्धन शाळेशेजारच्या पाण्याच्या टाकीचा माथा न्याहाळत होता. समोरच्या घरातून नाथाजी बाहेर आले.

"काय बघतोस रं?"

"टाकीचा कोन बघतूय, नाना."

नाथाजींनी मान वाकडी करून टाकीकडे पाहिलं. वाकड्या मानेला टाकीही वाकडीच दिसली.

मग काय, टाकी कलली म्हणून बोभाटा झाला. धुळा मेंढक्यानं टाकीच्या सावलीतली आपली मेंढरं उठवली. दोघा-तिघांनी टीव्ही उचलून अंगणात आणून ठेवले. सरपंच हरणाबाई तरातरा आल्या.

"मॅडम, खरं सांगा. टाकी कलली व्हय?"

"नाही हो आक्का. आम्ही नुसती उंची काढतोय."

"इतकी वर्सं न्हाई काढली, मग आजच कशापायी?"

अभ्यासक्रमात आहे म्हणून, हे उत्तर मॅडमना स्वतःलाच लंगडं वाटलं.

"बरं, ऱ्हाऊ द्या. पडलीच तर कुठवर पडंल, तेवढं सांगा."

मॅडम बोलणार एवढ्यात मागून सृष्टी म्हणाली, "भुईवरनं बघून जितं कोन पंचेचाळीस येतोय, तितवर. टॅन एक म्हंजे उंची तेवढंच अंतर."

महिनाभरात वर्गात कुणी आपणहून ‘टॅन’ म्हटलं नव्हतं. मॅडमचा ऊर भरून आला, आणि टाकी पडणारच नाही हे सांगायचं राहून गेलं.

पोरं टाकीभोवती पालथी पडून कोन बघू लागली. पंचेचाळीस आला की तिथं चुन्याच्या फक्कीची रेघ ओढायची. नाथाजींनी स्वतः अंगणात पालथं पडून दोनदा खात्री करून घेतली. घर रेघेच्या बाहेर राहिलं, तेव्हा कुठं ते चहाला गेले. हळूहळू टीव्हीही आत गेले. रेघ शाळेपाशी मात्र अडली. वऱ्हांड्यात कोन पंचेचाळीसाच्या वर, वर्गामागं खाली.

"म्हंजी आपल्या वर्गातनंच जाती," राजवर्धन गंभीरपणे म्हणाला. पोरांचे चेहरे फुलले.

"तर मग इंजिनेर येऊन बघंस्तवर वर्ग लिंबाखाली," हरणाबाईंनी निकाल दिला.

लिंबाखाली वारं बरं होतं. पोरं दिसेल त्याची उंची काढत होती, देवळाचा कळस, मोबाईलचा टॉवर, एकदा तर उभ्या धुळाचीसुद्धा. चार दिवसांनी हरणाबाई येऊन म्हणाल्या, "इंजिनेर उद्या येतो म्हणतोय. बोलवू का?"

मॅडमनी लिंबाला टेकवलेल्या फळ्याकडे आणि पोरांकडे पाहिलं.

"धडा तेवढा संपू द्या, आक्का," त्या म्हणाल्या. "टाकी कुठं पळून चाललीय?"