गडाच्या गौरीस गुलाबी तेरडा चढला त्याची बखर

श्रीगौरी प्रसन्न. जिने डोंगर उभे केले आणि त्यांवर कुंपण घालावयाचे मात्र विसरली, त्या जगदंबेस नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी एका डोंगरी राज्यात मोठा कल्लोळ जाहला. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील माणसे अद्याप रागीट आहेत. वर पठार, तेथे पांढरा तेरडा. खाली दरी, तेथे तांबडा तेरडा. दोघे भाऊबंद, परंतु एकमेकांत सोयरीक नाही, ऐसे दरबारचे मत. गडावर गौर बसे ती मुळासकट आणलेल्या पांढऱ्या तेरड्याचीच, आणि त्याचे कुळ निर्मळ राखावयास रायाजी नाईक हे बागेचे दरोगे नेमले होते.

नाईकांस कुळाचा अभिमान बहुत. पठार आणि दरी भेटतात त्या खिंडीत त्यांनी भुंग्यांवर चौकी बसविली. शिपाई पंखे घेऊन उभे राहत, आणि भुंगे त्यांच्याच पागोट्यांवर बसून हद्द पार करीत. मग नाईक म्हणाले, शिपायांचा भरवसा काय, आपण जातीने पाहावे. त्यांच्या घराण्याची रीत ऐसी की, आधी बाटलेले ओळखावे, मग सोवळे तपासावे. म्हणोन नित्य सकाळी आधी दरीत उतरून तांबड्या फुलांत बोट घालीत, रंग ध्यानी घेत, आणि मग तैसेच पठारावर चढून एकेका पांढऱ्या फुलात तेच बोट घालून निरखीत. ऐसे गेल्या साली सारा हंगाम चालले आणि नाईकांची छाती फुगत गेली.

आणि या साली पठारावर तेरडा उगवला तो गुलाबी. ना पांढरा, ना तांबडा. उंचीने मात्र दोघांहून सरस. गौर उद्यावर आलेली. राजमातोश्रींची आज्ञा आली की, बाटलेले झाड एक न ठेवता उपटावे, आणि गौरीस शुद्ध तेरडा न मिळाल्यास दरोगाई दुसऱ्यास द्यावी. तीन पिढ्यांची दरोगाई! नाईक खुरपे घेऊन पठारावर गेले, मागोमाग भाकरी घेऊन बायको भिवराबाई आणि लेक म्हाळसा. भिवराबाई दरीतली. तिने चहूकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "धनी, जरा थांबा. त्या कड्यावर बघा, तिथं अजून पांढराच हाय."

"तिथे घोरपडच चढेल. मला गुडघ्यांमुळे जाता येत नाही," नाईक म्हणाले.

"त्येच म्हंते मी. जिथं तुम्ही जाता तिथंच गुलाबी झालंय. भुंग्याला कशाला शिव्या घालता? बोट बघू तुमचं."

नाईकांनी बोट पुढे केले. सकाळीच दरीत जाऊन आलेले, टोकास फुलांची पूड चिकटलेली. नाईक बोट निरखून म्हणाले, "म्हणजे सोयरीक मीच जुळवली?"

"तुमची खोड जुनीच हाय. मला दरीतून आणली तवा कुणाला इचारलं व्हतं?"

म्हाळसा खुरप्याकडे पाहून म्हणाली, "आबा, मग हे खुरपं माझ्यावर पण चालवायचं का?"

नाईकांस फार वाईट वाटले. खुरपे तेथेच टाकले, लेकीस जवळ घेतले आणि पागोट्याच्या सोग्याने डोळे पुसले. मग गुलाबी तेरडा मुळासकट काढून तिच्याच हाती दिला आणि तिघे गडावर गेली. मातोश्रींपुढे हात जोडून नाईकांनी बोटाची सारी हकीकत सांगितली आणि विनंती केली की, दरोगाई घ्यावी, परंतु झाडे उपटू नयेत. दरबारी कुजबुजले, शास्त्री खाकरले. मातोश्रींनी आधी तेरडा पाहिला, मग म्हाळसा पाहिली, मग नाईकांचे बोट पाहिले, आणि पदर तोंडास लावून बहुत हसल्या. म्हणाल्या, "गौर माहेरी येते, नाईक. लेकीच्या तोंडावर आईचाही रंग असायचाच. बसवा. आणि पुढील साली बोट धुऊ नका."

येणेप्रमाणे गुलाबी गौर बसली, नाईकांची दरोगाई कायम जाहली आणि खिंडीतील चौकी उठली. चौकीचे पंखे म्हाळसेच्या लग्नात पाहुण्यांस वारा घालावयास कामी आले. नवरदेव पठारचा की दरीचा, हे नाईकांनी विचारिले नाही.