काळी पूड येईपर्यंत

भाजी घेताना बाकीच्या बायका किडकं-सडकं बाजूला सारतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बागवान मॅडम तेवढंच वेचून घेतात. हरभऱ्याच्या डहाळ्यावर तांबूस ठिपके दिसले, मक्याचं कणीस काळं पडून फुगलेलं दिसलं, की यांचा चेहरा खुलतो. बरं, गाडा कुणाचा? सख्ख्या धाकट्या भावाचा, रशीदभाईचा. तो बिचारा हात जोडतो. "आपा, खराब माल असा वर धरून बघू नका की. गिऱ्हाईक पळतंय." मॅडम भिंग डोळ्याला लावून म्हणतात, "खराब कुठाय? किती देखणा तांबेरा आहे." समोरची बाई हातातली भेंडी टाकून निघून जाते.

मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या त्या फक्त पगारातून. पानावर गंजासारखी बुरशी येते तो तांबेरा, कणसात दाण्याच्या जागी काळी पूड भरते ती काणी. या मंडळींत कोण कुणाचं, कुणाला काय नावानं हाक मारायची, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. खाली शुक्रवार पेठेतल्या रस्त्यावर माझं चष्म्याचं दुकान. त्यांच्या भिंगाची काच मी बदलून देतो, म्हणून मी 'चष्मेवाले'. दुकानावर माझ्या नावाची भलीमोठी पाटी आहे. ती त्यांनी कधी वाचली नसावी. पाटीवर बुरशी नाही ना!

माणसांनाही त्या याच दोन खणांत टाकतात. एकदा पाण्याच्या टाकीवरून मी सगळी इमारत डोक्यावर घेतली होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तांबेरा, चष्मेवाले. सगळं वरवर, पानभर लालेलाल. झाड काही मरत नाही." आणि काणीची माणसं? ती म्हणे वरून गोड, भरलेल्या कणसासारखी, आणि आत नुसती राख. मी चार दिवस घुश्शात होतो. मग लक्षात आलं, बाई चांगलंच बोलल्या की.

नमुने ठेवायला त्यांना पाकिटं लागतात आणि हाताला येईल ते पाकीट त्यांना चालतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट दिलं. विहीणबाईंनी कौतुकानं तिथंच उघडलं आणि पैठणीवर ज्वारीच्या काणीची काळी पूड सांडली. करणी केली, करणी केली म्हणून मांडवात कुजबुज सुरू. मॅडम धावत आल्या. मला वाटलं, माफी मागतील. त्या खाली बसून विहीणबाईंच्या निऱ्यांवरची पूड परत पाकिटात भरायला लागल्या. मंगळवेढ्याची होती म्हणे, पुन्हा मिळायची नाही. खरा आहेर नंतर त्यांच्या कपाटात 'ऊस, चाबूक काणी' लिहिलेल्या खणात सापडला. विहीणबाई अजून आमच्याकडं आल्या की आधी जिन्यात डोकावून बघतात.

नवी बुरशी सापडली तर तिला नाव ठेवायचा मान ज्याला सापडली त्याचा. पण स्वतःचं नाव ठेवायचं नाही, दुसऱ्याचं ठेवायचं, अशी त्या लोकांत रीत. रशीदभाई त्यावरून बहिणीला छळायचा. "आपा, एकाद्या रोगाला माझं नाव द्या की." मॅडमचं उत्तर ठरलेलं: "तेवढा चिवट रोग सापडू दे आधी." वडील गेले तेव्हा रशीदभाई शाळेत होता. दप्तर ठेवून त्यानं गाडा धरला आणि बहिणीला शिकवलं. कुणी विषय काढला तर म्हणतो, दोघं शिकलो असतो तर भाजी कोण विकणार होतं?

तर गेल्या पावसाळ्यात मॅडमनी उजनीच्या काठावरून, एका शेताच्या बांधावरून रानवेल उपटून आणला आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून गच्चीत ठेवला. पानं सगळी नारंगी पुटकुळ्यांनी भरलेली. आमच्या हिनं कुरकुर केली, मी रीतसर आरडाओरडा केला, की हा रोग आमच्या कुंड्यांवर येणार. मॅडम म्हणाल्या, तो घर बदलत नाही, या वेलाचा तो याच वेलावर. मग दुकानात येऊन, स्टुलावर बसून त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, की हा तांबेरा आजवर कुणी नोंदलेला दिसत नाही. पण नुसत्या नारंगी पुडीवरून घराणं ठरत नाही. तांबेऱ्यालाही थंडीत पानामागं काळी पूड धरते, ती बघितल्याशिवाय नाव ठेवता येत नाही. आणि वेल एवढाच उरलाय, त्या बांधावर आता केळी लावलीय.

"जन्मभर दुसऱ्यांनी ठेवलेली नावं ओळखत बसले मी," त्या म्हणाल्या. "माझं ठेवलेलं एकही नाही."

नाव काय ठेवणार, विचारलं तर म्हणाल्या, ठरलंय, पण बारशाआधी सांगत नसतात. त्या दिवसापासून मी गच्चीवरून ओरडणं बंद केलं.

थंडी पडायला लागली आणि नेमकं भाचीच्या बाळंतपणासाठी त्यांना हैदराबादला जावं लागलं. किल्ली रशीदभाईकडं. वेलाला पाणी घाल, एवढंच सांगून गेल्या.

रशीदभाईनं नुसतं पाणी घातलं असतं तर काय हवं होतं! पण त्याला वेलाची दया आली. बहिणीचं एवढं लाडकं झाड असं खंगलेलं बघवेना. त्यानं रोगट पानं एकूण एक खुडून जाळली, फांद्या छाटल्या, वर गंधक मारलं. मी दुकानातून वर आलो तेव्हा वेलाला हिरवेगार कोंब फुटलेले आणि रशीदभाई शेजारी उभा. "बघा की, आपा लई खूश होतील." जिची वाट बघायची ती काळी पूड पानांबरोबरच गेली होती. एरवी कुणालाही फाडकन बोलणारा मी, पण त्या माणसाचा चेहरा बघून 'छान झालं' म्हणालो आणि खाली आलो.

मॅडम परत आल्या त्या पिशवी खाली न ठेवता सरळ गच्चीत. भिंग काढलं. एकेक पान उलटं करून बघितलं. रशीदभाई शाबासकीची वाट बघत उभा. मी दाराशी. शेवटचं पान बघून त्यांनी भिंग मिटलं, पदराला पुसलं.

"अच्छा करा रे तू, रशीद," त्या म्हणाल्या. "बेल जी गई."

तो खूश होऊन गाडा लावायला गेला. मॅडम कठड्याशी थांबल्या. मी विचारलं, आता तरी सांगा, नाव काय ठेवणार होता? खाली रशीदभाई कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होता. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"त्याच्याएवढा चिवट पहिल्यांदाच सापडला होता, चष्मेवाले. त्याला कळू देऊ नका."

काच पुसायच्या निमित्तानं मी त्यांच्या हातातलं भिंग मागून घेतलं.

आता रोज सकाळी रशीदभाई वेलाला पाणी घालून जातो. त्याच्यामागून मी जातो आणि एखादी नारंगी पुटकुळी दिसते का, पानं उलटून बघतो. अजून वेल ठणठणीत आहे.