वैजनाथअप्पांनी न पाहिलेले पिक्चर

गेल्या कित्येक वर्षांत वैजनाथअप्पांनी एकही पिक्चर पाहिलेला नाही, आणि लातुरात लागलेल्या प्रत्येक पिक्चरबद्दल त्यांचं मत पक्कं असतं. एवढ्यावरून मी त्यांना वेगळं काढलं नसतं. न पाहिलेल्या गोष्टीवर मत देणारी माणसं आमच्याकडं चहाच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. अप्पांचं तसं नाही. ते मत देण्याआधी रीतसर चौकशी करतात. दुपारचा खेळ सुटायच्या बेताला टॉकीजच्या फाटकाशी येऊन उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या माणसाला अडवून विचारतात, "कसा होता?"

माझं चष्म्याचं दुकान टॉकीजच्या समोर आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्यामुळं मी अप्पांकडं बघत बसतो. अप्पा मूळचे रेणापूरकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. अंगात पांढरा सदरा, डोक्याला उन्हाळ्यात रुमाल, हिवाळ्यातही तोच रुमाल. कालव्याची पाहणी करताना माणूस जसा उभा राहतो तसे ते लोकांच्या लोंढ्याकडं तोंड करून उभे असतात.

"भारी होता" असं सांगून त्यांच्या हातून सुटका होत नाही.

"भारी मतलब? इंटरव्हलच्या आधी भारी का नंतर?"

"दोन्ही वेळेला, अप्पा."

"हिरोची माय जिवंत राहती का?"

"राहती."

"मग रडली कशाला? पोस्टरवर रडायली की ती."

इथं बहुतेक माणसं गाडीची किल्ली शोधायला लागतात. पण अप्पा सोडत नाहीत. हिरॉईनची लग्नातली साडी कोणत्या रंगाची होती, गाण्याला डोंगर होता का पाणी, शेवटी सासू नरमली की तशीच राहिली, हे सगळं त्यांना लागतं. एकदा नवीन लग्न झालेल्या जोडप्याला त्यांनी साडीचा रंग विचारला. नवरा म्हणाला हिरवा, बायको म्हणाली जांभळा, आणि बघता बघता दोघांचं चांगलंच वाजलं. अप्पांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. शांतपणे तिसरा साक्षीदार शोधायला गेले.

त्यांना संताप येतो तो एकाच उत्तराचा. कुणी म्हणालं, "मेसेज चांगला आहे," की अप्पा म्हणतात, "मेसेज मोबाईलवर येतेत. तुमी गोष्ट सांगा."

या कामामुळं त्यांच्याबद्दल गावात बरेच गैरसमज होते. टॉकीजच्या मॅनेजरला वाटायचं, हा निर्मात्याचा माणूस असावा. तो अधूनमधून चहा पाठवायचा. क्लास बुडवून आलेल्या पोरांना वाटायचं, हा कुणाचातरी बाप आहे. ती मागच्या दारानं जायची. अप्पांनी चहा घेतला, पण खुलासा कुणाकडंच केला नाही.

चौकशी संपली की ते माझ्या दुकानात येत. पाणी पीत. स्टुलावर डोळे मिटून बसत आणि ओठ हलवत राहत. पहिल्यांदा मला वाटलं, जप चाललाय. नंतर कळलं, ते ऐकलेलं क्रमानं लावत असत. मग एकदम उठत. "चलतो. घरी सांगावं लागतंय."

घरी एखादा नातू असेल, पिक्चरचा नाद असलेला, असं मी धरून चाललो होतो. एकदा मी विचारलं, "अप्पा, त्यापेक्षा तिकीट काढून आत का बसत नाही?"

"आत बसून एकट्याचीच नजर, सर. हितं सगळ्या गावाची मिळती."

मी चष्मे विकतो, तरी ते मला सर म्हणतात. त्यांचं हे उत्तर मला फार खोल वाटलं. त्यात पळवाट आहे हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग तो जीपचा पिक्चर आला.

त्याची गोष्ट एवढीच, की एक मध्यमवयीन नवरा-बायको जुन्या जीपमधून नांदेडहून निघतात आणि कोकणात दिलेल्या लेकीकडं जायला लागतात. दोघांचं आपसात बोलणं बंद आहे. नांदेड-लातूर रस्ता पडद्यावर दिसतो अशी बातमी पसरली, त्यामुळं रोज ज्या रस्त्याला शिव्या देतो तो बघायला लोक तिकीट काढून आले. बाहेर आल्यावर मात्र कुणाला काही सांगता येईना.

"लई स्लो हाय," क्लासचा एक पोरगा म्हणाला. "दीडच्या स्पीडनं बघायला पायजे."

रेणापूरचे एक शेतकरी म्हणाले, "जीप एक नंबर. पण अॅव्हरेज काय देती ते शेवटपर्यंत सांगितलं न्हाई."

अर्धापूरहून पाहुणे म्हणून आलेले एक केळीवाले होते. ते म्हणाले, "गाडी चालून राहिली, चालून राहिली, आन् लाइट लागले. आम्ही आपले बसून राहिलो."

कॉलेजातले एक प्राध्यापक थांबून म्हणाले, "हा बाहेरचा प्रवास नाहीच. हा आतला प्रवास आहे."

"आतला मतलब?" अप्पांनी विचारलं. "कुठून कुठपर्यंत?"

प्राध्यापकांनी हेल्मेट घातलं.

एक बाई नणंदेला घेऊन बाहेर पडत होत्या. त्यांचं मत सगळ्यांत ठाम होतं. "एवढा लांबचा प्रवास, आन् ती बाई एकदाबी लघवीला उतरली न्हाई. पुरुषानंच लिवलेला असणार."

अप्पांना हे पटलं, पण त्यातून गोष्ट काही पुढं सरकत नव्हती. त्यांना एकच कळून घ्यायचं होतं, की ती दोघं शेवटी लेकीकडं पोचतात का. कुणी म्हणे पोचतात. कुणी म्हणे, पोचत नाहीत, पण समुद्र दिसतो. एक जण म्हणाला, मी झोपलो होतो, पण उठलो तेव्हा जीप चालूच होती.

चार दिवस हे चाललं. अप्पा माझ्या स्टुलावर बसत, डोळे मिटत आणि मध्येच उघडत. "काही लागंना बघा, सर. सांगू काय? जीप जायली, जीप जायली, असं किती येळ सांगायचं?"

"कुणाला सांगायचंय?" मी विचारलं.

"घरी," अप्पा म्हणाले आणि रुमाल बांधायला लागले.

मी त्यांना म्हटलं, रविवारी मी बायकोला घेऊन जाणार आहे, तेव्हा शेवट नीट बघून सांगतो. त्यांना बरं वाटलं. "झोपू नका पण," एवढंच म्हणाले.

नेमका शनिवारी घोटाळा झाला. मोबाईल आणि हातभर माइक घेऊन एक मुलगी टॉकीजसमोर आली. ती प्रेक्षकांची मतं घेऊन आपल्या चॅनलवर टाकायची. म्हणजे काम अप्पांचंच, फक्त तिला साडीचा रंग लागत नव्हता. फाटकाशी उभा असलेला म्हातारा बघून तिनं माइक त्यांच्यापुढं धरला. "काका, पिक्चर कसा वाटला?"

अप्पांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ते क्षणभर गडबडले, मग चार दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. जीप चांगली, वेग कमी, प्रवास आतला, बाईची गैरसोय. इतकं मुद्देसूद मत तिला दिवसभरात मिळालं नव्हतं. ती खूश होऊन म्हणाली, "आणि शेवट? शेवट कसा वाटला?"

अप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि परत बांधायला घेतला.

फाटकावर तिकिटं फाडणारा माणूस इतका वेळ ऐकत होता. तो हसत म्हणाला, "त्यांना काय विचारायलीस, बाई? ते आजपर्यंत एकदाबी आत गेले न्हाईत."

आजूबाजूचे हसले. मुलगीही हसली. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण मोबाईल चालूच होता, आणि संध्याकाळपर्यंत "न बघता रिव्ह्यू देणारे काका" लातूरभर फिरले. माझ्याकडं ते तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आले. त्यातला एक ग्रुप माझ्या सासुरवाडीचा होता.

अप्पा मात्र व्हिडिओत शेवटी दिसत नव्हते. ते रस्ता ओलांडून माझ्या दुकानापुढून गेले, आत आले नाहीत.

रविवारी मी पिक्चर बघितला, झोपलो नाही. सोमवारी अप्पांची वाट बघितली. ते आले नाहीत, मंगळवारीही नाहीत. दुपारचा खेळ सुटला, लोक बाहेर पडले, आणि कुणीच कुणाला काही न विचारता घरी गेले. मला ते ओकंबोकं वाटलं. बुधवारी मी दुकान लवकर बंद केलं आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. पिक्चर उतरायच्या आत शेवट त्यांच्या कानावर घालावा, एवढाच माझा विचार होता.

घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा. मी पोचलो तेव्हा एक कामवाल्या मावशी तेलाची वाटी घेऊन बाहेर पडत होत्या. मी अप्पांचं नाव घेतलं.

"हायेत की. काकूंपाशी बसलेत," त्या म्हणाल्या. "पिच्चर चालू झालाय. जरा दमानं जावा, मधी बोललेलं काकूंना खपत न्हाई."

मला काही कळेना. मग त्यांनीच उभ्या उभ्या सांगितलं. काकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, लकवा मारला त्याला बरीच वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. त्याआधी काकू शुक्रवारचा पिक्चर कधी चुकवत नसत. अप्पा निव्वळ सोबतीला जात आणि आत झोपत. आता मावशी दुपारी येऊन काकूंना तेल लावतात, अंग पुसतात. तेवढा तासभर अप्पांना बाहेर पडता येतं. तासाभरात पिक्चर बघून होत नाही. पिक्चर बघून आलेली माणसं तेवढी भेटतात.

मावशी गेल्या. मी ओट्यावरच बसलो. दार लोटलेलं होतं, आवाज स्पष्ट येत होता.

"तर मग ती दोघं नांदेडहून निघाली," अप्पा सांगत होते. "सकाळची येळ. हिरोची बदली झालेली. त्यानं बायकोला न विचारताच बदलीला हाव म्हणून टाकलेलं, म्हणून ती बोलंना. सामान टेम्पोत गेलं. पण शिलाई मशीन टेम्पोवाल्याच्या हवाली करायला ती तयार न्हाई. मशीनचं मुंडकं मांडीवर घेऊन बसली ती, स्कूटरवर मागं."

"जीप... म्हणला व्हता," आतून काकूंचा आवाज आला. एकेक शब्द सावकाश, ओढून आणल्यासारखा.

"जीप बिघडली. पहिल्या रिळातच बिघडली. मग त्यानं स्कूटर काढली."

मी रविवारीच तो पिक्चर बघितला होता. त्यात बदली नव्हती, स्कूटर नव्हती, शिलाई मशीन तर कुठंच नव्हतं.

"लोह्याच्या अलीकडं पंक्चर झालं," अप्पा पुढं म्हणाले. "चिंचेखाली बसली दोघं. त्यानं पेरू आणले. तिनं खाल्ले, पण तोंड फिरवून खाल्ले. मग परत निघाले. अहमदपूर यायच्या आधी असा पाऊस लागला म्हणतो. हिरो भिजला, हिरॉईन भिजली, मशीनवर तिनं पदर टाकला. पण शब्द काढला न्हाई तिनं. लई हट्टी दाखवलीय."

"पाऊस न्हाई," काकू म्हणाल्या. "ऊन व्हतं."

सगळ्या लातूरची उलटतपासणी घेणारे अप्पा लगेच म्हणाले, "हाव. ऊन होतं."

"आन्... बोलली ती."



"काय बोलली?" अप्पांनी विचारलं. फाटकाशी विचारत तसं नाही. अगदी हळू, काही आठवत नसल्यासारखं.

काकूंना वेळ लागला. शब्द गोळा करायचा त्यांचा श्वास बाहेर ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

"म्हणली... हळू चालवा. लातूर... कुठं पळून जायलंय."

माझ्याकडं सांगण्यासारखा एक शेवट होता. तो घेऊन मी तसाच उठलो आणि आवाज न करता चपला पायात घातल्या.

"मग हळूच घेतली की त्यानं," अप्पा आत म्हणाले, आणि लोह्यापासून अहमदपूरपर्यंतचा रस्ता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला, या वेळी उन्हातला.