चिमाजीरावांची आफ्रिकन लिली

"यंदा पहिला नंबर आपला! लिहून ठेवा!" चिमाजीरावांनी सातपूरच्या कंपनीतल्या अख्ख्या मशीन शॉपला सांगून टाकलं. गेटवरच्या वॉचमनने काही विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. एक मेला, कामगार दिनाला, कंपनीत कुंड्यांचं प्रदर्शन भरायचं आणि सलग चार वर्षं पहिली ढाल सहादूच्या गुलाबाला! सहादू ती ढाल मशीनवर ठेवून काम करायचा, तीही चिमाजीरावांकडे तोंड करून. शेवटी चिमाजीरावांनी उटीच्या सहलीतून आफ्रिकन लिलीचे गड्डे आणले. दांड्यावर निळ्या फुलांचा हा एवढा झुबका येतो म्हणे! तीन वर्षं नुसती पानं आली. उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर गॅलरीकडे तोंड करून चालायचा, आणि बायको मोहिनी पुठ्ठ्याने वारा घ्यायची.

आणि यंदा एप्रिलात कुंडीतून आठ दांडे वर आले! प्रत्येकाच्या टोकाला मिटलेली हिरवी कळी! चिमाजीराव रोज सकाळी दात घासायच्या आधी दांडे पट्टीने मोजायचे.

तेवढ्यात कळवणला शेतातला कांदा काढून झाला आणि सासूबाई, साळूबाई, लेकीकडे चार दिवस राहायला आल्या.

दुसऱ्याच दिवशी चिमाजीराव फर्स्ट शिफ्ट करून घरी येतात तो काय! गॅलरीत सात दांडे मोडलेले, वर नीट जुडी बांधून ठेवलेली!

"मामी! हे काय केलंत?"

"मोडले की! तुमच्या कांद्याला डोंगळे आले व्हते, फुलाचे दांडे. डोंगळा आला का समदा जोर फुलात जातो, खाली कांदा पोसत नाय. बरं झालं मी आले!"

"अहो, कांदा नाही तो! आफ्रिकन लिली आहे!"

"नाव काय बी आसंना. पात पाहा, दांडा पाहा! चाळीस वरसं कांदा करते मी."

चिमाजीरावांनी ती जुडी छातीशी धरली. "संपलं सगळं! आता सहादूला काय तोंड दाखवू?"

"आवं, रडता काय? एक ठेवलाय ना बियाण्याला. सगळ्यात दणकट पाहून ठेवलाय!"

चिमाजीरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तो एकटा दांडा असा काही फुलला म्हणता! पुरं निळंशार फूल, फुलकोबीच्या गड्ड्याएवढं!

प्रदर्शनात परीक्षकबाई कुंडीपाशी थबकल्या. "एवढं मोठं फूल? काय खत घातलंत?"

चिमाजीरावांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, शास्त्रीय पद्धतीने..."

"खत कसलं!" सोबत आलेल्या साळूबाई मध्येच बोलल्या. "बाकीचे सात मोडले. मंग एकाला जोर येनारच की!"

परीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "सात कळ्या काढून एकच राखली? कमाल आहे! एवढं धाडस केलं कुणी?"

"मी!" चिमाजीराव छाती काढून म्हणाले. साळूबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे... आमच्या सासूबाईंनी."

पहिला नंबर! चिमाजीराव स्टेजवर चढले, ढाल घेतली आणि कुणी न सांगता माइकही घेतला. "मंडळी, फूल वाढवायला नुसती हौस पुरत नाही, कळवणची सासू लागते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सहादूलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. चिमाजीरावांना खरोखरच सासूबाईंचा अभिमान वाटला, लग्नानंतर पहिल्यांदाच!

"साहेब, फोटोला कुंडी घ्या ना हातात," फोटोग्राफर म्हणाला.

चिमाजीराव ऐटीत वळले. साळूबाई खाली फतकल मारून बसल्या होत्या. कुंडी आडवी, लिली मुळासकट बाहेर आणि त्या तिची माती झटकत होत्या! त्या रोपटं तसंच हातात धरून लगबगीने स्टेजवर आल्या आणि जावयाच्या कानाशी लागल्या. माइक चालूच होता.

"जावईबापू, ढाल मुकाट परत देऊन टाका! खाली कांदाच धरला नाय!"