कोयत्या येतो म्हणाला

एका जंगलात, पोरांनो, सगळं होतं. झाडं होती, ओढा होता, करवंदाच्या जाळ्या होत्या, वाघही होता. फक्त भीती नव्हती.

वाघ असून भीती कशी नाही, असं विचारू नका. वाघ रोजचाच होता. यायचा, कुणाला तरी उचलायचा, ओढ्यावर पाणी प्यायचा आणि जायचा. परवाच त्यानं सशाच्या साडूला नेलं. ससा म्हणाला, "नेलं का? बरं." सशाची बायको म्हणाली, "मग एक भाकरी कमी थापते." संपला विषय. रोजच्या गोष्टीला कोण घाबरणार? घाबरायलासुद्धा सवड लागते. टेकायला जागा लागते, हाताशी काहीतरी खायला लागतं. वाघाच्या भीतीला मध्यंतर नसतं.

त्याच जंगलात एक घोरपड राहायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही. तिनं बरोबर ओळखलं, या लोकांना भीती हवी आहे, पण नंतर घरी जाऊन जेवता येईल अशी. तिनं एक खेळ बसवला. नाव ठेवलं 'कोयत्या'.

कोयत्याच्या कामाला तिनं गेनबा अस्वलाला धरलं. त्याच्याइतका गरीब प्राणी साऱ्या जंगलात नव्हता. मध काढताना माश्यांनासुद्धा "जरा सरकता का?" म्हणायचा. पण अंगानं दांडगा. त्याच्या तोंडाला पळसाच्या पानांचा मुखवटा बांधला, हातात झावळीचा कोयता दिला. रक्त करवंदाचं. झाला खुनी तयार.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. चार प्राणी पडक्या देवळात मुक्कामाला येतात. कोयत्या एकेकाला कापतो. शेवटी चंद्री हरणी तेवढी उरते, ती त्याला कड्यावरून ढकलते. याला गोष्ट म्हणायचं असेल तर म्हणा.

पहिल्या खेळाला दिवेलागणीपासूनच जंगल लोटलं. भेकरं, सांबरं, रानडुकरांची अख्खी घरं. खेळ सुरू झाला. देवळातला एक मोर बाकीच्यांना म्हणाला, "तुम्ही बसा, मी आलोच."

"नाही येत तो आता," पहिल्या रांगेतून गौराबाई रानडुकरीण म्हणाली.

खरंच नाही आला. नुसती पिसं आली.

मग झुडपात खसखस झाली. चंद्री एकटीच उठली आणि "कोण आहे तिकडं?" म्हणत झुडपाकडंच निघाली.

"अगं बये, तुला काय करायचंय कोण आहे ते? पळ ना!" सगळे ओरडले.

"देवानं चार पाय दिलेत सटवीला," गौराबाई म्हणाली, "एक वापरेल तर शपथ." आणि तिनं दोन्ही खुरांनी डोळे झाकले. डुकराच्या खुराला मधे फट का असते, ते त्या दिवशी कळलं.

शेवटी चंद्रीनं कोयत्याला ढकललं. गेनबा कड्याखाली पडला. कडा म्हणजे बांध, आणि खाली गवत. आता निमूट मरायचं की नाही? पण चांगल्या घरातला प्राणी, सांगितल्याशिवाय जाणार कसा? त्यानं गवतातून मान वर काढली आणि हात जोडले. "बरं आहे मंडळी. जातो मी."

"अहो!" सारं जंगल एका आवाजात ओरडलं. "जातो म्हणू नये! येतो म्हणावं!"

गेनबानं जीभ चावली. "चुकलंच. येतो." आणि मेला.

अक्काचे डोळे चमकले. ती पुढं आली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? येतो म्हणालाय. चारचौघांत दिलेला शब्द आहे. आता त्याला यायला नको?"

"यायलाच पाहिजे!" सगळे म्हणाले.

झालं. पुढच्या महिन्यात 'कोयत्या आला'. मग 'कोयत्या परत आला'. मग 'कोयत्या खरंच परत आला'. मग 'कोयत्या आलाच की'. एका भागात त्याला ओढ्यात बुडवला, तर बुडबुड्यांतून "येतो" ऐकू आलं. एकात जाळला, तर धुरातून. एकात मुंडकं उडवलं. मुंडकं भोपळ्याचं होतं, ते गडगडत पहिल्या रांगेत आलं आणि "येतो" मागच्या झाडाआडून ऐकू आलं. कुणी तक्रार केली नाही. आवाज कुठून येतो हे बघायला कुणी आलंच नव्हतं.

"सगळं तेच तेच," गौराबाई दर खेळाला म्हणायची. "तोच कोयता, तेच देऊळ, तीच बावळट हरणी. पहिला होता तो खरा."

"मग येता कशाला मावशी?" शेजारच्या सशानं विचारलं.

"मग काय घरी बसून वाघाची वाट बघू?"

हेही खरं होतं. एकदा तर वाघानं खेळाच्या रांगेतूनच एक भेकर उचललं. मागचं सांबर म्हणालं, "म्हणजे आता मी पुढं सरकू ना?" वाघानं भेकर खाल्लं, मिशा पुसल्या आणि तोही रांगेत उभा राहिला. आत सशाच्या शेजारीच त्याला जागा मिळाली. कोयत्या झुडपातून निघाला तसं वाघानं शेपूट डोळ्यांवर घेतलं आणि सशाचा पंजा घट्ट धरला. "गेला का हो तो? गेला की सांगा मला."

"अजून नाही, बघू नका," ससा त्याला धीर देत म्हणाला.

असं सगळं जंगल खूश होतं, पोरांनो. एक गेनबा सोडून.

गेनबाला एक लेक होती, चिमी. एवढीशी, काळीभोर, नाक सतत गळतंय. पूर्वी गेनबा घरी आला की त्याच्या पोटावर चढून बसायची. आता बसेना. तो आला की ती गुहेच्या भिंतीकडे तोंड करायची.

"चिमे, ये की. मध आणलाय बघ."

"नको."

"थोडा चाट तरी."

"नको म्हटलं ना!"

गेनबा मध तसाच झाकून ठेवायचा. बायकोला, ठकूबाईला, तो हळूच म्हणाला, "मला भिते गं ती. कुणीतरी सांगितलं असणार, तुझा बाप म्हणजेच कोयत्या."

"मी तर एकदासुद्धा नेली नाही तिला तिकडं," ठकूबाई म्हणाली. "झोपेत दचकेल म्हणून. सोडा की ते मेलं काम."

"सोडू कसं? दर वेळी येतो म्हणून येतोय."

"मग जातो म्हणा."

"अगं, असं कसं म्हणायचं? बरं दिसतं का ते?"

ठकूबाईनं कमरेवर हात ठेवले. "दर खेळाला तिघांचे गळे कापता, ते बरं दिसतं. आणि एक शब्द तोंडातून निघत नाही?"

गेनबा अक्काकडे गेला. "अक्का, या खेपेला मला कायमचा मारा."

"मी काय कमी वेळा मारलं का तुला?" अक्का म्हणाली. "बुडवलं, जाळलं, मुंडकं उडवलं. तूच येतो म्हणतोस. मी काय करू?"

गेनबा विचार करत घरी आला. वाटेत झाडांना सांगून बघितलं, जातो. दगडांना सांगून बघितलं, जातो. जीभ अडखळत होती. लहानपणापासूनची सवय, पोरांनो, मोडता मोडत नाही. पण भिंतीकडे वळलेली ती एवढीशी पाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पुढचा खेळ आला. नाव होतं 'कोयत्या, या बसा'. गर्दी झाडांवर चढली होती. मोर "आलोच" म्हणून गेला. चंद्री "कोण आहे तिकडं?" म्हणत निघाली. गौराबाईनं खूर डोळ्यांवर घेतले. सगळं नीट पार पडलं. चंद्रीनं कोयत्याच्या डोक्यात धोंडा घातला, म्हणजे कापसाचा, आणि कोयत्या पडला.

गेनबानं पडल्या पडल्या मुखवटा काढून ठेवला. घाम पुसला.

"जातो," तो म्हणाला.

"येतो म्हणा! येतो म्हणा!"

"जातो."

"अहो, जातो म्हणू नये!"

"जातो, जातो, जातो!" गेनबा रडकुंडीला येऊन ओरडला. "कायमचा जातो!"

 वाघानं सशाचा पंजा सोडला. मग गौराबाई उठून उभी राहिली. रागानं तिची आयाळ ताठ झाली होती.

"खून केलेस, काही बोललो नाही," ती म्हणाली. "आतडी काढलीस, काही बोललो नाही. पण बोलायची काही रीत आहे की नाही? आईबापानं हेच शिकवलं का तुला?"

सगळे तणतणत घरी गेले. अक्कानं कोयता गुंडाळून ठेवला. शब्दच नाही दिला, तर बोलावणार कशाच्या जोरावर?

गेनबा घरी आला. हातपाय धुतले. करवंदाचे डाग जाईपर्यंत घासले. मग गुहेत फतकल मारून बसला आणि म्हणाला, "चिमे, मी आता कोयत्या नाही. कुणाला कापणार नाही, कुणाला घाबरवणार नाही. ये बघू."

चिमी वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणजे आता कुणालाच घाबरवणार नाहीस?"

"कुणालाच नाही."

चिमीनं भोकाड पसरलं. "सगळ्या जंगलातल्या पोरांना घाबरवलंस! भेकराच्या पोराला घाबरवलंस, डुकरांच्या सातही पोरांना घाबरवलंस! आणि माझी पाळी आली तर बंद केलंस! मला नुसता मध देतोस!"

 ठकूबाई चुलीपासून उठली आणि परत बसली.

"तू... तू रुसली होतीस?" गेनबा म्हणाला.

"मग काय!"

गेनबानं इकडं तिकडं बघितलं. दोन्ही पंजांनी तोंड झाकून घेतलं. गुहेत सामसूम. चिमीचं हुंदके देणं थांबलं. ती हळूच एक पाऊल मागं सरकली. मग दोन पुढं.

"भॉक!"

चिमी अशी किंचाळली की वटवाघळं उठली. पाय वर करून पडली, लोळली, खिदळली, आणि धावत जाऊन बापाच्या पोटावर चढली. त्याचे केस दोन्ही मुठींत धरून म्हणाली, "पुन्हा."

"अगं, आता तुला ठाऊक आहे ना काय होणार ते?"

"म्हणून तर. पुन्हा!"

गेनबानं पुन्हा तोंड झाकलं. तेवढ्यात बाहेर पानं वाजली. ठकूबाईनं डोकावून बघितलं, तर किंकाळी ऐकून आलेलं सगळं जंगल गुहेच्या तोंडाशी दाटीवाटीनं बसलेलं. सगळ्यात पुढं गौराबाई, खूर डोळ्यांवर घेऊन. तिच्या मागं ससा. आणि सशाला चिकटून, त्याचा पंजा धरून, वाघ.

"अहो ताई, दारातून जरा बाजूला व्हा," वाघ हळूच म्हणाला. "काही दिसत नाही."

तात्पर्य: लेकरांनो, जो खरंच खातो त्याला भिण्यात वेळ घालवू नका, तो न भिताही खातो. भ्यायचं तर अशाला भ्या, जो भॉक केल्यावर पोटावर घेतो.