रिबिनीखालून जाण्याबाबत

मयुरीच्या पत्राला सुपडूनानांनी सहा महिने उत्तर दिलं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण उत्तर द्यायला नकार दिला, असंही कोणाला म्हणता आलं नसतं. उत्तराचा मसुदा विचाराधीन होता.

चोपड्याच्या या मुलीनं रेघांच्या कागदावर लिहिलं होतं: 'महोदय, बारा तारखेला एका सॉफ्टवेअर कंपनीची निवड चाचणी आहे. ती संगणकावरच द्यावी लागते. आमच्या घरी संगणक नाही. आपल्या चोपडा केंद्रात अकरा आहेत, असं बाहेरच्या फलकावर वाचलं. मला एक, दोन तासांसाठी मिळेल का?'

पत्र हातानं लिहिलेलं होतं, कारण महिला तंत्रज्ञान प्रोत्साहन समितीचा तसा नियमच होता. केंद्रातले संगणक सुरू होईपर्यंत अर्ज फक्त टपालानं स्वीकारले जात.

समितीचं कार्यालय जळगावात, पिंप्राळ्याला होतं. नाना तिचे सचिव. तीस वर्षं ग्रंथपालकी केलेली, अक्षर सुरेख आणि भांडायची सवय नाही. एवढ्या पात्रतेवर त्यांची एकमतानं निवड झाली होती. समितीत आठ सदस्य होते. सात पुरुष, आठव्या लताबाई. त्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, कार्यालयात चहा करायच्या. समितीत एक तरी महिला हवी, हे पहिल्या बैठकीत लक्षात आलं, तेव्हा नेमक्या त्याच ट्रे घेऊन आत आल्या होत्या.

चोपड्याचं केंद्र वर्षभर तयार होतं. खुर्च्या आल्या होत्या, इंटरनेट जोडलं होतं, दाराला लाल रिबीन लावली होती. फक्त ती कापणाऱ्या पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

"एकच मुलगी आहे," बैठकीत नाना चाचरत म्हणाले. "रिबीन राहू द्या तशीच. कुलूप काढू. ती खालून वाकून आत जाईल."

अध्यक्ष हितेंद्रभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाकून? नाना, 'महिला आता वाकणार नाही' हे आपलं ब्रीदवाक्य आहे. बॅनर छापून आलंय."

"मग वरून ओलांडून जाईल."

"साडीत?" सहसचिव किरणभाऊंनी विचारलं.

"ती ड्रेस घालत असेल बहुधा."

"केंद्राचा पोशाख साडी ठरलाय. एका मुलीसाठी दोन नियम कसे करणार?"

नानांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असणार. सात जण ज्या गोष्टीला मान डोलावतात तिच्यात खोट दिसावी, एवढी आपली बुद्धी कुठली? त्यांनी इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं.

रिबिनीची योग्य उंची ठरवण्यासाठी तिघांची उपसमिती नेमली गेली. उपसमिती चोपड्याला जाऊन आली, येताना केळीचे वेफर्स घेऊन आली. रिबीन साडेतीन फुटांवर आहे आणि ती समाधानकारकरीत्या ताणलेली आहे, असा अहवाल चौदा तारखेला सादर झाला.

महिनाभरानं मयुरीचं दुसरं पत्र आलं. तिनं चाचणी काकाच्या मोबाइलवर दिली होती. एकोणिसाव्या प्रश्नाला 'कृपया संगणक वापरा' अशी सूचना आली आणि पडदा बंद झाला. पुढची चाचणी पाच महिन्यांनी, नऊ तारखेला. 'आबा म्हणतात, एवढी एकदा देऊन बघ. मग ते शिरपूरच्या स्थळाला होकार कळवणार आहेत.'

हितेंद्रभाऊंचा चेहरा खुलला. "एकाची दोन झाली. म्हणजे मागणीत शंभर टक्के वाढ."

दोन्ही पत्रं फ्रेम करून कार्यालयात लावली गेली. त्यांच्या जोरावर समितीला जागृतीचं मानचिन्ह मिळालं. प्रोत्साहनही थांबलं नव्हतं. केंद्राच्या ओट्यावर रांगोळी स्पर्धा झाली. चाळीस मुलींनी, आतले कीबोर्ड खिडकीतून बघून बघून, हुबेहूब काढले.

"त्या मुलीला उत्तर पाठवू का?" नानांनी एकदा धीर करून विचारलं.

"फ्रेममधल्या पत्राला उत्तर देतात का, नाना? तिची मागणी संपली, तर आपण कशासाठी बसलोय इथे?"

प्रश्न बिनतोड होता.

नऊ तारीख पाच दिवसांवर आली, तेव्हा लताबाई फ्रेमवरची धूळ पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी विचारलं, "नाना, त्या दाराचं कुलूप कोनं शे?"

"समितीचं."

"आनि किल्ली कोनाजोडे शे?"

नानांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. किल्ली सचिवांच्या ताब्यात राहील, हा ठराव त्यांनीच सुरेख अक्षरात लिहिला होता. वर्षभर ती तिथेच होती, पेनाशेजारी.

"मी सदस्य शे ना?" लताबाई म्हणाल्या. "मग मना बी ठराव लिखा. पोरले किल्ली धाडी द्या."

नानांनी मसुदा न करता लिहिलं: 'चि. मयुरीस, किल्ली सोबत पाठवत आहे. रिबिनीखालून वाकून जावं लागेल, त्याबद्दल क्षमस्व. उशिराचं कारण: मी.'

टपाल कार्यालयात स्पीड पोस्टच्या खिडकीवर बसलेल्या सविताताईंनी पाकीट चाचपलं. "काही टणक लागतंय, नाना. काय आहे आत?"

"किल्ली. एका मुलीला सहा महिन्यांपूर्वी हवी होती. संगणकाच्या परीक्षेसाठी."

"मग इतके दिवस कुठे होती?"

"माझ्या खिशात."

मागे रांग होती. तिथून हळहळ ऐकू आली. "आपल्याकडे हेच चुकतं," एक जण म्हणाला. "पोरी हुशार असतात, लोक पुढे येऊ देत नाहीत." बाकीच्यांना ते फार पटलं. सविताताईंनी पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते चोपड्याच्या थैलीत टाकलं.

नाना पावती घेऊन वळले. रांगेतल्या सगळ्यांच्या माना अजून खेदानं हलत होत्या, आणि प्रत्येकाचा एक हात आपापल्या खिशावर होता.