राजाची उजवी बाही

"नाटक नंतर बघ, आधी राजाचा झगा बघ," तिसऱ्या रांगेत बसता बसताच टेलरमास्तरांनी बायकोला बजावलं. या ऐतिहासिक नाटकाचे सगळे पोशाख त्यांनीच शिवले होते. खूश होऊन कंपनीने दोन पास दिले होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दोघं मिळून नाटकाला आली ती आज पहिल्यांदा.

जांभळ्या मखमलीचा झगा घालून राजा आला तेव्हा मास्तरांची छाती अशी फुगली की त्यांच्याच सदऱ्याचं बटण कुरकुरलं. बायकोने झग्याकडे एकदा बघितलं आणि ती गोष्टीत शिरली. शत्रूचा सेनापती पकडला गेला तेव्हा तर तिने मास्तरांचं मनगट घट्ट धरलं.

"आता काय होणार?" मास्तरांनी सहज विचारलं.

"राजा तलवार उपसून त्याचं मुंडकं उडवणार. शाळेत असताना बघितलंय मी हे नाटक."

"पण हात किती वर नेतो?"

"मुंडकं उडवायला न्यावा लागतो तेवढा."

मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. झग्याची उजवी बाही नुसत्या कच्च्या दोऱ्यावर होती. दुपारी व्यवस्थापक घाईने येऊन कपडे उचलून घेऊन गेला, तेव्हा ते सांगायची मास्तरांना लाज वाटली होती. राजा काय, बसून हुकूम सोडणार, असा त्यांचा हिशेब. आता भर सभेत बाही राजाच्या हातात येणार आणि नाटकवाल्यांचं काम कायमचं जाणार!

सेनापती गुडघ्यांवर बसला. राजाने मुठीला हात घातला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि बायकोने ते बघितलं. तलवार म्यानातून निघाली तसे मास्तर ताडकन उभे राहिले.

"नको महाराज! हात उचलू नका!"

सगळ्या नाट्यगृहाच्या माना वळल्या. राजा झालेला नट मुरलेला होता. त्याने मास्तरांकडे रोखून बघितलं आणि तलवार म्यान केली.

"प्रजेला रक्त नको, तर आम्हालाही नको. सोडा याला."

सोडल्यावर जायचं कुठे, हे सेनापतीला कुणीच शिकवलेलं नव्हतं. तो लवून नमस्कार करून राणीच्या महालात शिरला. पुढचा अख्खा अंक त्याच्या मुलाच्या सुडावर उभा होता. बापच जिवंत म्हटल्यावर सूड कसला? घाईघाईने तह झाला आणि नाटक चाळीस मिनिटं आधी संपलं. टाळ्या मात्र दणकून पडल्या.

"माझे वडील गेले तेव्हा तुमचा डोळा ओला झाला नव्हता," बाहेर पडताना बायको म्हणाली. "आणि आज परक्या माणसासाठी..."

मास्तर खरं सांगणार, एवढ्यात हातावर झगा टाकून राजाच समोर आला.

"मास्तर, इतकं काय घाबरायचं? तलवार मी प्रधानाला देणार होतो, वार तो करणार होता. माझा खांदा धरलाय. माप घेताना सांगितलं नव्हतं का, हात छातीच्या वर जात नाही म्हणून? ही बाही तेवढी पक्की करा. पहिल्या प्रवेशापासून बगलेत दाबून धरलीय मी."

बायकोने बाहीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. घरी येताना झगा तिनेच हातावर घेतला. दार उघडल्यावर तिने पहिला फोन बहिणीला लावला.

"अगं, भर नाटकात उभे राहिले. एका माणसाचा जीव वाचवला. हो, रडले ना, मी स्वतः बघितलं."

आणि फोन कानाला तसाच ठेवून तिने राजाचा झगा मास्तरांच्या मांडीवर टाकला.